पहिला घोट

बर्फाचा कडा कधीही कोसळेल म्हणून आम्ही जवानांनी घाटरस्ता बंद केला आणि अडकलेल्या पर्यटकांना आपापल्या खोल्यांत वाटून घेतलं. माझ्या वाट्याला नेमके आमच्या पुसेगावचे किसनराव आले, थंडीनं ओठ निळे पडलेले. माझा बाप जन्मभर त्यांच्या शेतात राबला. त्याची चहाची कपबशी त्यांच्या गोठ्यातल्या कोनाड्यात वेगळी ठेवलेली असायची. चहा प्यायचा, कपबशी आपणच विसळायची आणि परत तिथंच ठेवायची.

मी खोक्यावर बसून स्टोव्हवर चहा उकळला, स्टीलच्या मगात ओतला. पहिला घोट मी घेतला आणि तोच मग त्यांच्यापुढं धरला.

"तू अमृताचं पोरगं न्हाई का रे?" त्यांनी मला ओळखलं, पण हात काही पुढं येईना. "दुसरा कप न्हाई का, बाबा?"

"न्हाई, काका. एवढाच हाय. नको असंल तर ऱ्हाऊ द्या."

तेवढ्यात वरच्या उतारावरून बर्फ सुटल्याचा गडगडाट झाला आणि पत्र्याची भिंत थरथरली. किसनरावांनी दोन्ही हातांनी मग ओढून घेतला, डोळे मिटले आणि ते शेवटच्या थेंबापर्यंत चहा प्यायले.

"आता विसळून ठेवा," मी म्हणालो.



आणि कागदी कपांनी भरलेल्या त्या खोक्यावरून उठलो.