सात पोरांची बोट

"नको, ही लाल नको," माळी म्हणाला. "हिला बघूनच घाबरतील."

मावशींनी लाल बोट परत फळीवर ठेवली. तीस वर्षं खेळण्यांचं दुकान चालवलं, पण लाल नको म्हणणारं गिऱ्हाईक त्यांना आज पहिल्यांदा भेटत होतं. सगळा परिसर त्यांना मावशी म्हणायचा आणि त्याही सगळ्यांना मावशीच्या हक्काने झापायच्या. समोरचा माणूस कोपऱ्यावरच्या मोठ्या बागेतला माळी. गमबुटांना चिखल, नखांत माती, आणि डोळे जागरणाने तारवटलेले.

रिमोटची बोट तो आयुष्यात पहिल्यांदा घेत होता. त्याला वेगाची हौस नव्हती. हळू जाणारी, फार आवाज न करणारी आणि जमलंच तर मातकट रंगाची हवी होती.

"पोरांसाठीच ना?" मावशींनी विचारलं.

"पोरांसाठीच. सात आहेत."

मावशींनी मनातल्या मनात कपाळाला हात लावला. आजच्या काळात सात! तोंडाने मात्र एवढंच म्हणाल्या, की मग रिमोटवरून रोज महायुद्ध होणार.

"रिमोट माझ्याकडेच राहील," माळी म्हणाला.

इथे मावशींचं बिनसलं. गल्ल्याच्या वर त्यांनी स्वतःच्या अक्षरात पाटी लावली होती: 'रिमोट मुलांच्या हातात देणार असाल तरच बोट मिळेल.' बाप हौसेने बोट पळवतोय आणि लेकरू बाजूला तोंडात बोट घालून उभं आहे, हे त्यांनी इतक्यांदा पाहिलं होतं की भल्याभल्यांना त्यांनी दुकानातून रिकाम्या हाताने परत पाठवलं होतं. त्यांनी पाटीकडे बोट दाखवलं.

माळ्याने पाटी वाचली आणि डोक्यावरची टोपी काढून हातात धरली.

"मावशी, फार लहान आहेत हो. त्यांची आई गेली. आठ दिवस झाले. तेव्हापासून सगळी एका कोपऱ्यात एकमेकांना चिकटून बसतात. धड खात नाहीत. डॉक्टर म्हणाले, दोन-तीन दिवसांत हिंडायला-खायला लागली तर ठीक, नाहीतर अवघड आहे."

मावशींना एकदम भरून आलं. आपली जीभ कधीतरी आपल्याला खाली बघायला लावणार, असं त्यांची थोरली बहीण म्हणायची, ते खरं झालं. त्यांनी स्टूल ओढलं, पाटी काढली आणि गल्ल्यामागे उलटी ठेवून दिली.

मग त्यांनी सगळ्यात वरच्या फळीवरून एक बुटकी, रुंद बोट उतरवली. बंदरात मोठी जहाजं ओढून आणतात तसली, तपकिरी. तिच्याकडे कोणी ढुंकूनही बघत नसे. माळ्याने मात्र ती दोन्ही हातांत घेतली आणि कितीतरी वेळ निरखली.

"हिच्यावर छोटा स्पीकर बसेल? वजन पेलेल?"

"पेलेल की. गाणी लावणार?"

"तिचा आवाज आहे माझ्या मोबाईलमध्ये. पोरांना हाक मारतानाचा. सहजच भरून ठेवला होता." त्याने खिशातून घडी घातलेला रुमाल काढला आणि न उघडताच परत ठेवला. "आणि हे तिचंच. बोटीवर चिकटवीन म्हणतो."

रुमालात काय आहे ते मावशींनी विचारलं नाही. बॅटऱ्यांचा खण उघडून त्या उगाचच आत बराच वेळ बघत राहिल्या.

एका बॅटरीवर किती वेळ चालेल, हे त्याला नक्की हवं होतं. भरधाव सोडली तर वीस मिनिटं, हळू नेली तर पाऊण तास, मावशींनी सांगितलं. वापरलेली बॅटरी आधी गार होऊ द्यायची, मगच चार्जिंगला लावायची. बोट मंदावली की समजायचं बॅटरी संपत आली, आणि लगेच काठाला आणायची.

"मध्येच बंद पडली तर पंचाईत," माळी म्हणाला. "पोरं तिथेच थांबतील."

"तिथेच म्हणजे? पोरं पाण्यात असणार?"

"मग! त्याचसाठी तर बोट."

"आणि तुम्ही?"

"मी काठावर."

"अहो, पोहता येतं का त्यांना?"

"येतं. पण तिच्यामागूनच जायची. ती नाही, तर उतरतच नाहीत. सगळ्यात धाकटं तर काठाजवळही येत नाही."

मावशींनी दुसरी बॅटरी आपणहून खोक्यात टाकली. माझ्याकडून पोरांना, म्हणाल्या. माळी गेला, पण त्यांचं कशात लक्ष लागेना. बायको गेल्याने माणसाचं डोकं ठिकाणावर नसेल, हे त्यांना समजत होतं. पण म्हणून सात कच्चीबच्ची खेळण्याच्या बोटीमागे बागेतल्या तळ्यात सोडायची? एखादं बुडालं, तर बोट विकली कोणी?

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी दुकान न उघडता बागेत गेल्या. खांद्यावर हवा भरलेल्या पोहण्याच्या सात रबरी ट्यूब होत्या. फुंकून फुंकून गाल दुखत होते.

माळी तळ्याच्या काठावर एकटाच उकिडवा बसला होता. हातात रिमोट. मावशींनी धापा टाकत विचारलं, पोरं कुठायत? त्याने ओठांवर बोट ठेवलं आणि हळूच कळ दाबली. तपकिरी बोट काठापासून निघाली. तिच्या पाठीवर काहीतरी मऊ, तपकिरी, दाट चिकटवलेलं होतं, आणि तिच्यातून आवाज येऊ लागला.

क्वॅक. क्वॅक. क्वॅक.

बाजूचं गवत हललं. एकामागून एक सहा जण तुरुतुरु आले आणि बोटीमागे रांगेने पाण्यात उतरले. सातवं काठावर अडलं, चिखलाने भरलेल्या गमबुटांकडे एकदा मान वळवून पाहिलं, आपले इवलेसे पिवळे पंख फडफडवले आणि टुपकन पाण्यात उडी मारली.