लढाईचं तेल

मनकर्णाबाईने हातातला रिकामा डबा डेपोच्या पाटीवर भिरकावला. पाटीवर खडूने लिहिलं होतं, 'डिझेल नाही.' डबा खणकन आपटून खाली पडला आणि रांगेतले शंभरेक कास्तकार माना वळवून बघू लागले.

"नाई कसं?" ती ओरडली. "आत्ता माह्या डोयासमोर बारा डरम भरून टरक गेला. तो कोनाच्या बापाचा?"

"लढाई सुरू आहे, बाई," डेपोचा मुनीम खिडकीतून म्हणाला. "सगळं तेल जवानांना जातं."

"जवानाले जाते? मंग टरक या डेपोवाल्या शेटच्या गोदामात काऊन घुसला? माहा पोरगा हाय तिकडं जवान. त्याले इचारू का?"

तिचा उद्धव खरंच तिकडे होता. या पासष्ट सालच्या लढाईत त्याची पलटण पंजाबकडे गेली होती आणि महिनाभर त्याचं कार्ड नव्हतं. इकडे पावसाने पाठ फिरवली होती. दोन एकर मिरची तिने विहिरीच्या पाण्यावर तगवली होती, आणि विहिरीवरचं इंजिन आठ दिवस बंद होतं. मिरची गेली तर वर्षभर खायचं काय? आणि उद्धव सुखरूप आला तर त्याला वावर कसं दाखवायचं?

डेपोवरचा शिपाई काठी घेऊन पुढे सरला. तेवढ्यात चिखलीचे हिंमतराव वकील मध्ये पडले.

"हात लावून बघ या माउलीला!"

शिपाई मागे सरकला. हिंमतराव तिथल्याच एका पिंपावर चढले आणि बोलू लागले. डेपोला तेल देणाऱ्या विलायती कंपनीने लढाई लागल्यापासून दोनदा भाव वाढवला होता. दिल्लीत विरोधकांनी त्यावरून गोंधळ घातला, आणि मंत्री मूग गिळून बसले होते.

"मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणारी औलाद आहे ही! तिकडे पोरं रक्त सांडतात, इकडे हे नफा मोजतात!"

माणसांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जाणारच. त्या भाषणातला एक शब्दही खोटा नव्हता.

कोणीतरी दगड उचलला, पण हिंमतरावांनी त्याला थांबवलं. "दगड मारलात तर उद्या तुम्हीच गुंड ठराल. अर्ज करू. पाच गावांचे अंगठे घेऊ. कलेक्टरला ऐकावंच लागेल."

त्यांनी रेघा मारलेले कागद मनकर्णाबाईच्याच हातात दिले. जवानाची आई. तिला नाही कोण म्हणणार? नाव, गाव, इंजिन किती घोड्यांचं, डिझेलचे डबे किती, आणि शेवटी अंगठा. लिहायला तिची सून सुलभा होती. ती सातवी शिकलेली होती.

"वकीलसाहेब, वरती काईच लिवलं नाई," सुलभा म्हणाली.

"मजकूर कायद्याच्या भाषेत लागतो, ताई. चिखलीत टाईप करून वर जोडतो. तुम्ही डबे तेवढे नीट आकड्यात लिहा. मोघम मागणी साहेब लोक केराच्या टोपलीत टाकतात."

पाच दिवस सासूसुना उन्हातान्हात गावोगाव फिरल्या. पहिला अंगठा मनकर्णाबाईने स्वतःचा उमटवला होता. बहुतेकांनी काही न विचारता तिच्यापाठोपाठ दिला. एकटा म्हातारा रंगराव अडून बसला.

"कोऱ्या कागदावर अंगठा? मी नाई देत."

"तुहा पोरगा बांधावर बसून बिडी ओढते, रंगराव. माहा सरहद्दीवर हाय. आन तू अंगठ्याले भेऊन राह्यला?"

म्हाताऱ्याने मान खाली घालून अंगठा दिला. असे दोनशे बारा झाले. हिंमतरावांनी कागद कपाळाला लावून घेतले.

त्यानंतर बारा दिवस गेले. डेपोवरची पाटी तशीच होती. हिंमतराव मात्र दर बाजारच्या दिवशी पिंपावर चढून कंपनीच्या नावाने शंख करत होते. मनकर्णाबाईने विचारलं की म्हणत, "अर्ज बुलढाण्याला कलेक्टरकडे पोचलाय. धीर धरा. मध्येच कोणी तहसील कचेरीत गेलं तर सगळं मुसळ केरात!"

धीर तिने धरलाही असता, पण मिरची धरेना. पानं मलूल झाली, फुलं गळायला लागली. दोघींनी पोहऱ्याने पाणी शेंदून चार ओळी भिजवल्या. हाताची सालटं निघाली, आणि बाकीचं वावर डोळ्यांदेखत वाळत राहिलं. तेराव्या दिवशी मनकर्णाबाईने पदर खोचला.

"चाल सुलभे, कचेरीत. बिघडलं तं बिघडलं."

नायब तहसीलदारांनी तिचं सगळं ऐकून घेतलं, गावाचं नाव विचारलं आणि कपाटातून एक फाईल काढली.

"मनकर्णाबाई. पाच घोड्यांचं इंजिन. चार डबे. तुम्हीच ना?"

"हाव, मीच. पयला अंगठा माहाच हाय," ती अभिमानाने म्हणाली.

साहेबांचा चेहरा कडक झाला. "मग लाज नाही वाटत? लढाईच्या दिवसांत पुन्हा मागायला आलात?"

"पुन्हा? पुन्हा कायचं, साहेब? थेंब नाई भेटला अजून."

साहेबांनी फाईल सरळ तिच्यापुढे सरकवली. सुलभा वाकली. अक्षर तिचंच होतं, अंगठे तेच होते. वर टाईप केलेला एक कागद टाचला होता. तो वाचता वाचता तिने पान उलटून पहिला अंगठा पुन्हा पाहिला.

"काय लिवलं वं? मोठ्यानं वाच ना!"

सुलभाने वाचलं, "'खाली अंगठे करणाऱ्या दोनशे बारा कास्तकारांस, त्यांच्या नावासमोरील डब्यांप्रमाणे, कंपनीचे डिझेल माझ्यासमक्ष मिळाले. कोणाचीही तक्रार नाही. सही, हिंमतराव, वकील, चिखली.'"