नकाशावरचा ठिपका

पंचवटीतल्या दीपमालाबाई वेबसाइटवर सोनचाफ्याच्या वेण्या विकायच्या. कोणत्या गावातून कोण डोकावलं, ते मोबाइलच्या नकाशावर काजव्यासारखं लुकलुकायचं. पहाटे वेण्या गुंफता गुंफता त्या ते बघत बसायच्या. टोरांटोवरचा एक ठिपका रोज उजळायचा आणि काही न घेताच विझायचा.

मग नियम आला, विचारल्याशिवाय कुणाची नोंद ठेवायची नाही. वेबसाइट सांभाळणाऱ्या सार्थकने वकिली भाषेत परवानगी मागितली. जो तो 'नको' दाबून पुढे गेला. नकाशा अंधारला.

"काकू, गिऱ्हाईक काय बघतं तेच कळेना. धंदा कसा करायचा?"

"प्रश्न मी सांगते तसा लिही."

दुसऱ्या पहाटे नकाशावर एकच काजवा लुकलुकला, टोरांटोवर.

वेबसाइट उघडताच आता विचारलं जात होतं, "वेदू, बोलू नकोस हवं तर. पण येऊन गेलीस, एवढं आईला कळलं तर चालेल?"