आउनेमावशींची वाट

दाराला टेकवलेला खराटा दिसला, तसा रेइनोने ट्रॅक्टर थांबवला.

लांब दांड्याचा, बर्च झाडाच्या काटक्यांचा खराटा. तो असा दाराला टेकलेला असला की घरात कोणी नाही, हे गावात पोरासोरांनाही ठाऊक. कुलूप कोणीच लावत नसे. पण खराटा दिसल्यावर आत पाऊल टाकायचं नाही, हाक मारायची नाही. पोस्टमनपासून पाद्रीबाबांपर्यंत सगळे हे पाळत.

म्हणजे आउनेमावशी घर सोडून गेल्या. एका शब्दाने न सांगता.

त्यांची मुलगी इर्मेली कायानी शहरात राहायची. तिने शरद ऋतूतच बजावलं होतं, "ज्या दिवशी नर्सची गाडी दारापर्यंत पोचणार नाही, त्या दिवशी आईला मी वृद्धाश्रमात नेणार." ती गेल्यावर मावशींनी रेइनोची बाही धरली होती. "तुझं ते लाल खटारं चालतंय तोवर मी इथून हलत नाही. वाट बुजू देऊ नकोस, बाबा."

तेव्हापासून रेइनो आधी मावशींची वाट मोकळी करायचा, मग स्वतःची.

आजही त्याने पुढचं लोखंडी पातं खाली केलं. रात्रीच्या वादळाने गुडघाभर बर्फ टाकला होता. रस्त्यापासून पायऱ्यांपर्यंत त्याने तो कडेला लोटला. पायऱ्यांना मात्र हात लावला नाही. चढणार कोण होतं?

"नेलंच शेवटी पोरीने," घरी येऊन तो बायकोला म्हणाला.

"फोन करून विचार की इर्मेलीला." हेल्वीने कॉफी ओतली.

"तारा तुटल्यात. आख्ख्या गावातले फोन मुके झालेत."

"मग वाट कशाला साफ केलीस?"

"परत यायचं म्हटलं तर त्यांना वाट नको?"

दुसऱ्या दिवशी पारा उणे तिसाच्या खाली गेला. मावशींच्या वाटेवर चाकांचे ताजे ठसे होते. नर्सची गाडी पायऱ्यांपर्यंत येऊन तिथूनच वळून गेली होती. बिचारीलाही कोणी कळवलेलं दिसत नव्हतं. पण गाडी दारापर्यंत पोचली होती, याचं रेइनोला समाधान वाटलं.

स्वयंपाकघरातला दिवा चालू होता. जायच्या घाईत राहिला असणार. त्याने इंजिन बंद केलं आणि थर्मास उघडला.

ठक.

जरा वेळाने पुन्हा, ठक.

रेइनो कान टवकारून ऐकत राहिला. कडाक्याच्या थंडीत ओंडक्यांची घरं बोलतात. लाकूड आक्रसतं, तडकतं. लहानपणापासून तो हे ऐकत आला होता. तरी कॉफी न पिताच त्याने थर्मास मिटला.

"मावशींचे वारलेले यजमान असतील," घरी येऊन त्याने हे सांगितलं, तशी हेल्वी म्हणाली. "जन्मभर बायकोने तंबाखू ओढायला बाहेर पिटाळलं. आता घर रिकामं बघून आत ऐसपैस बसले असतील."

"थट्टा करू नकोस."

"मग आत जाऊन बघून ये."

"दाराला खराटा आहे."

"अगं बाई! मग त्या भुतालाच विचारायचं, बाबा रे, तुला खराटा दिसला नाही का?"

रेइनो हसला नाही.

तिसऱ्या सकाळी ठोके हळू झाले होते. दोन ठोक्यांत इतकं अंतर, की थांबले असं वाटावं आणि मग एक यावा. वाट साफ करून तो पायऱ्यांसमोर उभा राहिला. टोपी काढली. त्यालाच ते विचित्र वाटलं, पण यजमानांना उगीच तिष्ठत ठेवू नये म्हणून तो मोठ्याने म्हणाला, "मावशी येतील हो परत. मी वाट मोकळी ठेवतोय."

आतून ठोके सुरू झाले. एकामागून एक, घाईघाईने, कोणी अधीर झाल्यासारखे.

रेइनो धडपडत ट्रॅक्टरवर चढला. पातं वर उचलायचंही त्याला सुचलं नाही. मुख्य रस्ता लागेपर्यंत त्याने मागे वळून पाहिलं नाही.

त्यानंतर हवा मऊ झाली. छपरावरून थेंब गळू लागले. रेइनो भीत भीत मावशींच्या वाटेवर आला, इंजिन बंद करून बराच वेळ थांबला. घर गप्प होतं. थंडी उतरली, तसं लाकूडही निवलं. त्याने सुटकेचा निःश्वास टाकला.

तेवढ्यात वाटेवर गाडी वळली. इर्मेली! रेइनोचा चेहरा खुलला. तो जवळजवळ धावतच गाडीच्या पलीकडच्या बाजूला गेला आणि मावशींना हात द्यायला म्हणून दार उघडलं.

सीटवर केकचा डबा होता.

"रेइनोकाका, तुमचे उपकार कसे फेडू?" इर्मेली उतरत म्हणाली. "नर्स सांगत होती, दाराला खराटा बघून ती परत फिरली. म्हटलं, वादळाच्या भीतीने आई तुमच्याकडेच राहायला आली असणार. हेल्वीकाकूंच्या हातचं खाऊन आता घरी यायचं नाव घेत नसेल! बोलवा तिला. मी तोवर चूल पेटवते."

रेइनोच्या हातातून गाडीचं दार सुटलं.

इर्मेली पायऱ्या चढत होती. "पण एक नवल वाटलं हं काका. कंबर गेल्यापासून आई हा खराटा उचलतसुद्धा नाही. तिच्या पायऱ्या झाडतं कोण?"

पायऱ्या रेइनोच झाडायचा. वादळाच्या संध्याकाळीही त्यानेच झाडल्या होत्या. एरवी खराटा टेकवायचा तो कठडा बर्फाने झाकला होता, ट्रॅक्टर चालूच होता, आणि निघायच्या घाईत हातातला खराटा त्याने सापडेल तिथे टेकवला होता.