रेनकोटाचं पोट

सुनेला विचारून वस्तू घ्यायची सवय नाही, हे सासूबाईंनी लग्नाच्या वर्षीच ओळखलं होतं. पण गेलेल्या सासऱ्यांचा रेनकोट कापायचा म्हणजे हद्द झाली.

"डॉक्टर झालीस म्हणून कपडे फाडत सुटशील?"

"आई, खुंटीला नुसता लोंबकळत होता."

"मीही नुसतीच बसलेय. मलाही काप."

एरवी सून हसली असती. आज कात्री धुवायला निघून गेली.

मागच्या खोलीत तिने खोक्यात पोट मांडलं होतं. स्पंजाची चरबी, सायकलच्या ट्यूबची आतडी, वर रेनकोटाची कातडी. हॉस्पिटलात पोट उघडणारी ती एकटीच. हाताखालची पोरं शिकवायची होती. तयार पोट विकत घ्यायचं म्हणजे हत्ती पोसायचा. "चुकायचं ते इथे चुकू दे, माणसावर नको," ती म्हणायची.

"एवढं सपाट पोट कुणाचं असतं गं? नटीचं?" सासूबाई म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी स्पंज दुप्पट झाला.

मापाला मात्र बाई हुशार. मागे गाऊन शिवते म्हणून टेप घेऊन सासूबाईंचं पोट इंच न इंच मोजलं. गाऊन अजून यायचाय.

मग शेकायची रबरी पिशवी गेली. सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. मुलाच्या वेळी पोट फाडलं, तेव्हा हे रोज ती पिशवी भरायचे. आधी स्वतःच्या गालाला लावून बघायचे, मग द्यायचे. पाऊस असला की पोराला त्याच रेनकोटात गुंडाळून आणायचे. पोर कोरडं, बाप चिंब.

"तेव्हा टाके कसे घातले होते, आई?" भाजी निवडताना सुनेने विचारलं.

"गोणपाट शिवल्यासारखे. डॉक्टरला घाई. बेंबीखाली शिवण पळाली डावीकडे."

"तिथे अजून दुखतं?"

"गॅस आहे म्हणालीस ना? पोटाचे फोटो काढून."

"हो. गॅसच."

आणि निवडलेली भाजी तिने देठांच्या ढिगात टाकली.

रविवारी सून खोक्यावर वाकली. आत पाण्याने भरलेल्या रबरी पिशवीला मोज्याची गाठ घट्ट चिकटवलेली. पिशवी न फाडता ती सोडवायची. पहिल्या खेपेला पाणी उडालं. पिशवीला ठिगळ लावून पुन्हा केलं, पुन्हा उडालं. सून तोंड फिरवून उभी राहिली.

"मोज्यासाठी कोणी रडतं?" दारातून सासूबाई म्हणाल्या. "चहा घे. परत कर."

या खेपेला गाठ अलगद सुटली. पिशवी कोरडी. सुनेने पोट शिवलं आणि खुर्चीत बसली.

सासूबाईंनी चष्मा लावला. रेनकोटाच्या शिवणीवरून बोट फिरवत खाली आल्या. बेंबीखाली शिवण डावीकडे वळली होती.

"पोरांना शिकवायला सरळ शिवणसुद्धा चालली असती," त्या म्हणाल्या.

सुनेने उरलेला दोरा बोटाला गुंडाळला.

"हात बसलाय तुझा. गाऊन नंतर शीव, आधी माझी गाठ काढ."