घरजावई

मैथिलीला बघायला कुडाळची मंडळी आली, तेव्हा बाबा घाटातली कोसळती दरड अडवून नुकतेच उडत परतले होते. पाय धुऊन ते पाहुण्यांसमोर बसले. परग्रहावरून आलेला हा माणूस सगळ्या तालुक्याचा लाडका होता.

"पण मुळात आपण इकडे कशासाठी आलात?" मुलाच्या आईनं, प्रमिलाबाईंनी, सहज विचारलं.

बाबांना खोटं बोलता येत नसे. "पृथ्वी जिंकायला. आधी अकरा ग्रह जिंकले होते. त्यातले चार उरले नाहीत."

मैथिलीनं हातातली पोह्यांची बशी खाली ठेवली. हे तिलाही ठाऊक नव्हतं. लहानपणी तिच्या वेण्या घालणाऱ्या त्या हातांकडे तिला बघवेना.

"मग पृथ्वी कशी राहिली?" तिनं विचारलं.

"तू जन्मलीस. मग तुला गोवर आला, मग बालवाडी. दरवर्षी वर कळवतो, पाहणी अपुरी आहे."

"आणि मी सासरी गेल्यावर?"

बाबांनी मान खाली घातली. "पुढं काय कारण सांगावं, तेच सुचत नाहीये."

मैथिली नवऱ्यामुलाकडे वळली. "श्रीरंग, घरजावई व्हाल?"

श्रीरंग विचारात पडला. प्रमिलाबाईंनी त्याला कोपरानं ढोसलं. "अरे मेल्या, हो म्हण की!"