तिसरं बिस्कीट

ढब्बूची नसबंदी दोनदा पुढे गेली, कारण भुलीसाठी कुत्रा उपाशी लागतो आणि आजोबांनी दोन्ही वेळा गुपचूप बिस्कीट चारलं होतं. मुक्या जिवावर सुरी चालवायची म्हणजे काय? तिसऱ्या वेळी सुनेने त्यांचे खिसे तपासायला घेतले. आजोबांनी बिस्कीट सोफ्याखाली सरकवलं आणि ढब्बूचं ऑपरेशन एकदाचं पार पडलं. चार दिवसांनी आजोबांच्या हर्नियाची पाळी आली, तीही उपाशीपोटी. सुनेने डबे कपाटात कोंडून किल्ली कमरेला खोचली. आजोबा सोफ्यावर हवालदिल बसले. इतक्यात टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात प्लास्टिकचं नरसाळं घातलेला ढब्बू सोफ्याखाली घुसला, धडपडत बाहेर आला. नरसाळं त्याने आजोबांच्या मांडीवर टेकवलं. आत बिस्कीट होतं. "निघायचं का, बाबा?" सून चप्पल घालत म्हणाली. "काही खाल्लं नाहीत ना?" आजोबांनी ठामपणे मान हलवली. तोंड उघडायची सोय नव्हती.